भारतमातेच्या चार हातांत काय आहे?

श्रावणातील रविवारी खानदेशात कानबाई बसते. चौरंग मांडला जातो, केळीचे खांब बांधले जातात, कलशावर नारळ ठेवला जातो. त्या नारळाला डोळे काढतात, नथ घालतात, कुंकू लावतात, वस्त्र नेसवतात. रोटांचा नैवेद्य होतो, रात्रभर गाणी चालतात आणि दुसऱ्या दिवशी सारी आळी तिला वाजतगाजत नदीवर नेते. ज्याला एरवी आपण नुसता नारळ म्हटले असते, त्याच्यापुढे घरातील वडील माणसे हात जोडतात, आणि ‘हा नारळ की बाई?’ असा प्रश्न लहान मुलाच्याही मनात येत नाही. नारळ नारळच राहतो आणि बाईही होतो. एका वस्तूच्या ठिकाणी दुसरे काही पाहण्याची ही शक्ती आपल्यापाशी जन्मापासून आहे.

हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, चित्रकलेवरील व्याख्यान म्हटले की जळगाव-धुळ्याचा श्रोता थोडा संकोचतो. ‘गाणे आम्हांला समजते, कीर्तन समजते, चित्रातले मात्र आम्हांला काही कळत नाही,’ असे तो म्हणतो. आमचे म्हणणे उलट आहे. कानबाईची मांडणी ज्याला कळते, त्याला रूपकात्मक चित्राची निम्मी भाषा येतेच. उरलेली निम्मी भाषा काय आहे, ते एकाच चित्राच्या आधाराने आपण पाहू. हे चित्र म्हणजे अवनींद्रनाथ टागोर यांनी १९०५ साली काढलेले ‘भारतमाता’. त्या चित्राचा आपल्या खानदेशाशी काय संबंध, असे कोणी विचारील. तो संबंध आहे, आणि बराच जवळचा आहे. पण तो क्रमाने येईल.

प्रथम रूपकात्मक चित्र म्हणजे काय ते ठरवू. एखाद्या खऱ्या स्त्रीचे चित्र काढले तर ते व्यक्तिचित्र झाले. पण न्याय, स्वातंत्र्य, विद्या, देश अशी जी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, तिला स्त्रीचे रूप देऊन चित्र काढले, म्हणजे ते रूपकात्मक चित्र झाले. आता अडचण अशी की, न्यायाचा चेहरा कोणी पाहिलेला नाही. मग चित्रातील स्त्री न्यायदेवता आहे हे पाहणाऱ्याने कशावरून ओळखावे? चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, म्हणून ती हातातील वस्तूंवरून, वस्त्रांवरून, आसनावरून आणि भोवतीच्या सजावटीवरून ओळखायची. तराजू दिसला की न्याय. युरोपात तर कोणत्या कल्पनेच्या हातात कोणती वस्तू द्यावी, याचा कोशच चेझारे रीपा नावाच्या इटालियन गृहस्थाने १५९३ साली प्रसिद्ध केला होता, आणि पुढे पिढ्यान् पिढ्या चित्रकार व शिल्पकार तो उशाशी ठेवून काम करीत. आपल्याकडे हेच काम मूर्तिशास्त्राने आणि देवतांच्या ध्यानश्लोकांनी केले.

म्हणून अशा चित्रातील वस्तू ही शोभेची वस्तू नसते, ती वाक्यातील शब्दासारखी असते. शब्द बदलला की वाक्याचा अर्थ बदलतो. याचे अगदी ताजे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडले. २०२४ साली दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायदेवतेची नवी मूर्ती लोकांसमोर आली. जुन्या न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी आणि हातात तलवार असे. नवीच्या डोळ्यांवर पट्टी नाही, तलवारीच्या जागी राज्यघटनेचे पुस्तक आहे आणि ती साडी नेसली आहे. तराजू तेवढा तोच. एक वस्तू काढली, एक बदलली आणि एक ठेवली, तर वर्तमानपत्रांतून केवढी चर्चा झाली! लोकांना चित्रभाषा कळत नाही असे म्हणणाऱ्यांनी ती चर्चा आठवावी. यावरून पाहण्याची एक साधी रीत हाती लागते. रूपकात्मक चित्रासमोर उभे राहिलो की तीन प्रश्न विचारावे: हातात काय आहे? हे कोठून घेतले आहे? आणि जे असायला हवे होते असे वाटते, ते काय गाळले आहे?

आता चित्राकडे वळू. ते आकाराने लहानसे आहे, वीतभरापेक्षा थोडे उंच. कागदावर जलरंगांत काढलेले. आपल्या दिवाणखान्यातील मोठ्या तसबिरींची सवय असलेल्या डोळ्यांना ते प्रथम फिकटच वाटते. एक तरुण स्त्री उभी आहे. अंगावर भगवे वस्त्र आहे. मस्तकाभोवती तेजाचे वलय आहे. पायांशी पांढरी कमळे आहेत. पाठीमागे घर नाही, डोंगर नाही, सिंहासन नाही. नुसता धूसर, मातकट प्रकाश आहे. तिला चार हात आहेत. एका हातात पोथी, दुसऱ्यात भाताच्या लोंब्यांची पेंढी, तिसऱ्यात शुभ्र वस्त्र आणि चौथ्यात जपमाळ. इतकेच चित्र. शिक्षा, अन्न, वस्त्र आणि दीक्षा या चार गोष्टी ही माता आपल्या मुलांना देते, असा त्याचा अर्थ लावला जातो, आणि तो बरोबर आहे. पण एवढ्यावर थांबलो तर कोशातला अर्थ कळला, वाक्य कळले नाही. म्हणून आपला दुसरा प्रश्न विचारू. या वस्तू कोठून आल्या?

पोथी आणि जपमाळ आपण लगेच ओळखतो. त्या सरस्वतीच्या हातातल्या. वीणा तेवढी चित्रकाराने काढून ठेवली. विद्येला आणि वाणीला देवता मानण्याची आपली परंपरा जुनी आहे, आणि ती केवळ देवघरापुरती नाही. धुळ्यात नानासाहेब देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते गावोगावच्या मठांतून जमा केली आणि ती जेथे ठेवली त्या वास्तूला ‘वाग्देवता मंदिर’ असे नाव दिले. जुन्या पोथ्यांच्या संग्रहाला मंदिर म्हणावे आणि त्यातील अधिष्ठात्रीला वाग्देवता म्हणावे, ही रूपकाची दृष्टी धुळेकरांना नवी नाही. भारतमातेच्या हातातील पोथीचा अर्थ आपल्याला धुळ्यातच सापडतो: ज्ञान हे देशाचे पहिले धन होय, आणि ते जपले नाही तर वाळवीच्या स्वाधीन होते.

भाताची पेंढी अन्नपूर्णेच्या आणि लक्ष्मीच्या घरची. मात्र येथे एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. चित्रकार बंगालचा, म्हणून माता भाताच्या लोंब्या घेऊन उभी आहे. हेच चित्र आपल्या तापी-गिरणेच्या काठी कोणी काढले असते तर तिच्या हातात ज्वारीचे कणीस दिसले असते. वास्तविक अवनींद्रनाथांच्या मनात आधी ‘बंगमाता’ होती. ‘भारतमाता’ हे नाव तिला पुढे मिळाले. प्रांताचे चित्र देशाचे चित्र झाले, पण हातातील धान्याने आपले गाव सोडले नाही. यात आम्हांला उणेपणा वाटत नाही. मातेची कल्पना सर्वांची असली तरी प्रत्येकाला ती आपल्याच शेतातून येताना दिसणार.

येथवर सारे जुनेच शब्द आहेत. पण तिसऱ्या हातातील वस्त्र पाहा. देवीला आपण वस्त्र नेसवतो, वस्त्र अर्पण करतो. परंतु आपल्या नेहमीच्या पाहण्यातील कोणती देवी पांढऱ्या कापडाची घडी हातात धरून उभी असते? सरस्वती नाही, लक्ष्मी नाही, दुर्गा नाही. तीन शब्द परंपरेतून घेतले आणि चौथा चित्रकाराने स्वतः घातला. आणि हा नवा शब्दच चित्राची तारीख सांगतो. १९०५ साली लॉर्ड कर्झनच्या सरकारने बंगालची फाळणी केली. तिच्या विरोधात स्वदेशीची चळवळ उठली. विलायती कापडावर बहिष्कार पडला, पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली, आणि अंगावरचे कापड हा एकाएकी राजकारणाचा प्रश्न बनला. त्या वर्षी काढलेल्या चित्रात मातेच्या हाती शुभ्र वस्त्र येते, यात योगायोग नाही. ‘तुम्हांला नेसवायला मी समर्थ आहे, मँचेस्टरच्या दारी जाऊ नका,’ एवढे ती त्या एका घडीतून सांगते.

हे वाक्य खानदेशाला जितके समजावे तितके क्वचितच दुसऱ्या प्रदेशाला समजेल. आपला मुलूख कपाशीचा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला, आणि तेथील गिरणीवाल्यांची नजर वऱ्हाड-खानदेशाच्या काळ्या जमिनीकडे वळली. त्याच दशकात रेल्वे खानदेशातून पुढे गेली. येथला कापूस गाठींतून समुद्रापार जायचा आणि कापड होऊन परत यायचा. पिकवणारा स्वस्तात विकणार आणि तोच महागात नेसणार. पुढे जळगावला, धुळ्याला, अमळनेरला गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांच्या भोंग्यावर गावे उठत. ते भोंगे आता थांबले आहेत. कपाशी मात्र अजून फुटते आणि वेचणीला अजून बायकाच वाकतात. म्हणून त्या पांढऱ्या घडीकडे पाहताना खानदेशी माणसाला चळवळ आठवेलच, पण त्याआधी वेचणीचे शेत आठवेल. ही गोष्ट मनात असू द्यावी. शेवटी आपल्याला तिच्याकडे यायचे आहे.

वस्तूंचा अर्थ झाला. आता अलंकरणाकडे, म्हणजे चित्राच्या सजावटीच्या शैलीकडे येऊ. बऱ्याच जणांना वाटते की विषय वेगळा आणि सजावट वेगळी. विषय आधी ठरतो, सजावट मागून चढते. तसे नसते, हे कळण्यासाठी एक तुलना करू. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी महाराष्ट्रात घरोघर लागल्या. खानदेशातील जुन्या वाड्यांतही त्या आहेत. ती लक्ष्मी आठवा. कमळावर उभी, भरजरी वस्त्र, अंगभर दागिने, जवळ हत्ती, पाठीशी पाणी आणि झाडी. अंगाची गोलाई, रेशमाची चमक, मोत्यांवरचा उजेड हे सारे युरोपीय तैलरंगाच्या पद्धतीने हाताला लागेल असे रंगवलेले. आणि ते योग्यच आहे, कारण समृद्धी हाच त्या चित्राचा विषय आहे. लक्ष्मीला दागिने घातले नाहीत तर ती लक्ष्मी कशी?

भारतमातेचे चित्र याच्या नेमके उलट चालते. येथे मुकुट नाही, भरजरी काही नाही, अंगाची गोलाईही फारशी दाखवलेली नाही. रंग मोजके आणि एकमेकांत विरघळलेले. हा परिणाम एका विशिष्ट रीतीने साधला आहे. ओकाकुरा हे जपानी कलाविचारक १९०२ साली कलकत्त्याला आले होते; त्यांच्यामागून १९०३ साली योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे दोन जपानी चित्रकार आले. ते कागदावर ओल्या कुंचल्याने रंगाचे पातळ थर कसे देतात, हे अवनींद्रनाथांनी पाहिले आणि त्यावरून आपली अशी एक पद्धत बसवली. रंग दिलेला कागद पाण्यात भिजवायचा, वाळू द्यायचा, पुन्हा रंग द्यायचा, पुन्हा भिजवायचा. दर खेपेला वरचा रंग थोडा धुऊन जातो आणि थोडा कागदात मुरतो. शेवटी रंग कागदावर लावलेला वाटत नाही, कागदातूनच उगवलेला वाटतो. पहाटेच्या धुक्यात समोरून कोणी येत असावे, पुरते दिसू नये पण ओळख पटावी, तशी ही स्त्री दिसते. १९०५ साली ‘भारत’ हा देशही असाच होता. नकाशावर राज्य दुसऱ्याचे, आणि लोकांच्या मनात एक आकृती हळूहळू उगवत होती. ती आकृती तैलरंगाच्या ठसठशीत उजेडात दाखवली असती तर खोटी ठरली असती. म्हणून आम्ही म्हणतो की या चित्रातील धूसरपणा हा सजावटीचा प्रकार नव्हे, तो अर्थाचाच भाग आहे.

भगव्या वस्त्राचेही तसेच. लक्ष्मीचे वस्त्र ऐश्वर्य सांगते, हिचे वस्त्र त्याग सांगते. ही संन्यासिनी आहे. देणाऱ्याने आधी स्वतःजवळचे सोडलेले असावे, हा भाव रंगाने सांगितला आहे. भगिनी निवेदितांना हे चित्र इतके मोलाचे वाटले की ते छापून देशभर घरोघरी पोहोचवावे अशी इच्छा त्यांनी लिहून व्यक्त केली.

मस्तकामागील वलयाची कथा अधिक मनोरंजक आहे. ते पाहून आपण सहज म्हणतो की हे देवतेचे लक्षण. परंतु अजिंठ्याच्या भिंतींवर ते बुद्ध आणि बोधिसत्त्वांच्या मागे आहे. मोगल काळातील लहान चित्रांत जहांगीर बादशहाच्या मागे आहे. ख्रिस्ती चित्रांत संतांच्या मागे आहे. अवनींद्रनाथांचे डोळे मोगल चित्रांवरच उघडले होते. कलकत्त्याच्या कलाशाळेचे प्रमुख ई. बी. हॅवेल यांनी ती चित्रे त्यांना जवळून दाखवली, आणि रेषेतील नाजूकपणा, बोटांची ठेवण, लहान कागदावर मोठा आशय सामावण्याची हातोटी त्यांनी तेथून उचलली. पायाखालचे कमळही एका पंथाचे नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या हातात ते आहे आणि तेथल्या छतांवर तर कमळांची वेलबुट्टी दाटली आहे. तेव्हा या एका वीतभर कागदावर हिंदू देवतांच्या हातांतील वस्तू, बौद्ध लेण्यांतील कमळ, मोगल दरबारची रेषा आणि जपानचे पाणी एकत्र आले आहे. चित्रकाराने ‘भारत’ हा शब्द वस्तूंनी जितका लिहिला, तितकाच शैलीनेही लिहिला.

आता तिसरा प्रश्न. काय गाळले आहे? बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठ’ या १८८२ साली ग्रंथरूपाने आलेल्या कादंबरीत मातेची तीन रूपे सांगितली आहेत. पूर्वीची ती जगद्धात्री, आजची ती सर्वस्व लुटली गेलेली काली, आणि पुढे होणारी ती दशभुजा दुर्गा, दहा हातांत शस्त्रे धरलेली. ‘वंदे मातरम्’ हे गीत याच कादंबरीतले, आणि १९०५ साली बंगालच्या रस्त्यारस्त्यांवर तीच घोषणा चालली होती. अशा वेळी चित्रकाराने मातेला दहा हात आणि दहा शस्त्रे दिली असती तर लोकांनी डोक्यावर घेतले असते. त्याने सहा हात कमी केले आणि उरलेल्या चारांत एकही शस्त्र ठेवले नाही. सिंहही नाही. नकाशाही नाही. पुढे जी भारतमाता दिनदर्शिकांवर आणि भिंतींवर आली, तिच्या अंगावर मुकुट आणि दागिने चढले, जवळ सिंह आला, मागे देशाचा नकाशा आला. ती चित्रेही लोकांनी प्रेमाने लावली. त्यांची निंदा करण्याचे आम्हांला कारण नाही. पण दोन्ही चित्रे शेजारी ठेवली म्हणजे वाक्य कसे बदलले ते दिसते. पहिली म्हणते, ‘मी काय देते ते पाहा.’ दुसरी म्हणते, ‘माझे सामर्थ्य पाहा.’ देश म्हणजे देणारी शक्ती की दरारा बसवणारी शक्ती, हा वाद त्या वस्तूंतूनच चाललेला आहे.

येथे एक आक्षेप विचारात घेतलाच पाहिजे, कारण तो मोठ्या माणसाने घेतला आहे आणि तोही त्याच घरातून. अवनींद्रनाथांचे काका रवींद्रनाथ यांनी १९१६ साली ‘घरे-बाइरे’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात संदीप नावाचा चळवळीचा पुढारी विमला या विवाहित स्त्रीला देशाची मूर्ती ठरवतो, तिच्या स्तुतीची आरती ओवाळतो, आणि त्या मोहात तिला तिच्या घरातून व विवेकातून उखडतो. बाहेर स्वदेशीच्या नावाखाली गरीब विक्रेत्यांचा माल जाळला जातो. रवींद्रनाथांचे म्हणणे असे की, देशाची देवी केली म्हणजे तिच्या नावाने काहीही करण्याची मोकळीक मिळते. आणि खऱ्या स्त्रीची प्रतिमा केली म्हणजे त्या स्त्रीचे म्हणणे कोणी ऐकत नाही. शिवाय ज्यांच्या धर्मात मूर्तीला स्थान नाही, त्या बांधवांनी या मातेपुढे कसे उभे राहावे, हाही प्रश्न त्या वेळीच उभा राहिला होता.

आक्षेप खरा आहे. तो टाळता येणार नाही. त्याला अनेकांनी आपापल्या परीने उत्तर शोधले. काशीला शिवप्रसाद गुप्त यांनी भारतमाता मंदिर बांधले, त्याचे उद्घाटन ऑक्टोबर १९३६ मध्ये गांधीजींच्या हस्ते झाले. त्या मंदिरात स्त्रीची मूर्तीच नाही, संगमरवरात कोरलेला देशाचा उंचसखल नकाशा आहे. कोणालाही उभे राहता यावे अशी ती सोय. दुसरे उत्तर त्यानंतर दोनच महिन्यांनी मिळाले, आणि ते आपल्या खानदेशात मिळाले.

डिसेंबर १९३६ मध्ये त्या वेळच्या पूर्व खानदेश जिल्ह्यातील फैजपूर येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी आणि शेकडो अनाम खानदेशी कार्यकर्ते राबले. टिळकनगर उभारायचे, पण ते शहरी दिखाऊपणाने नको, असा गांधीजींचा आग्रह होता. म्हणून सजावटीसाठी त्यांनी शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस यांना बोलावले. हे नंदलाल म्हणजे अवनींद्रनाथांचे पट्टशिष्य. शिवाय ते या मुलखाला अगदी परके नव्हते. १९०९ नंतरच्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेत होत्या, तेव्हा त्यांच्या मदतीला आलेल्या तरुण चित्रकारांत नंदलाल होते. जळगावहून आपण तासा-दीड तासात फर्दापूरला जाऊन येतो. त्या तरुणांनी तेथे अंधाऱ्या लेण्यांत बसून एकेक रेषा हाताला वळवून घेतली.

त्या नंदलालांनी फैजपूरला काय केले? रंगीत पडदे नाहीत, कागदी फुले नाहीत, देवीची मोठी मूर्ती नाही. बांबू, गवत, चटया, मातीची भांडी, आसपासच्या खेड्यांत मिळेल ते, आणि ते विणणारे-वळणारे येथलेच हात. यातून वेशी उभ्या राहिल्या, मंडप उभे राहिले. अध्यक्षांची मिरवणूक निघाली तीही सजवलेल्या बैलांच्या रथातून. गांधीजींनी त्या कामाची जाहीरपणे वाखाणणी केली. गुरूने भारतमातेच्या अंगावरचे दागिने उतरवले होते; शिष्याने आणखी पुढे जाऊन मातेची आकृतीच बाजूला ठेवली आणि तिच्या हातातील वस्तू, म्हणजे अन्न, वस्त्र आणि हातातले कसब, प्रत्यक्ष मांडून ठेवल्या. फैजपूरची सजावट हीच रूपक होती.

त्यापुढचे पाऊलही आपल्याच तापीच्या काठी पडले. १९३८ साली गुजरातेत हरिपुरा येथे अधिवेशन भरले, तेव्हा नंदलालांनी भिंतींसाठी चित्रे काढली. ठळक रेषा, मोजके रंग, कमानीसारखी चौकट, म्हणजे शैली पुरती अलंकारिक. पण विषय कोणते? धान्य कांडणाऱ्या बाया, सूत कातणारी स्त्री, मूल घेतलेली आई, सुतार, वाजंत्री, बैल आवरणारा गडी. या बायांना चार हात नाहीत. दोनच हात आहेत आणि ते कामात आहेत. अवनींद्रनाथांच्या चित्रात पेंढी आणि वस्त्र ही देवतेच्या हातातील चिन्हे होती. नंदलालांच्या चित्रात तेच धान्य कांडले जाते आहे, तेच सूत निघते आहे. रवींद्रनाथांच्या आक्षेपाला याहून चांगले उत्तर आम्हांला माहीत नाही. प्रतिमेतून जे शिकायचे ते शिकून खऱ्या माणसाकडे परत यावे, हे ते उत्तर होय.

यावरून कोणी असे समजू नये की ‘भारतमाता’ हे चित्र आता जुने झाले, त्याचे काम संपले. आमच्या मते ते अजून आपल्याला प्रश्न विचारते आहे, आणि तो त्या चार वस्तूंतूनच विचारते. पोथी, पेंढी, वस्त्र आणि जपमाळ या चार वस्तू मातेने आपल्याला द्यायच्या, असा अर्थ आपण इतकी वर्षे लावत आलो. पण अन्न पिकते कोणाच्या हाताने? वस्त्राचा कापूस वेचते कोण? भर उन्हात ओटीत कपाशी भरत जाणाऱ्या ज्या बाईच्या जिवावर ते शुभ्र वस्त्र उभे आहे, तिच्या मुलीच्या हातात पोथी पोहोचली का? चित्रात चारही वस्तू एकाच बाईजवळ आहेत. आपल्या गावात त्या एकीजवळ एक आणि दुसरीजवळ दुसरी अशा वाटल्या गेल्या आहेत, आणि पुष्कळ जणींजवळ पहिल्या दोन निर्माण करण्याचे कष्टच तेवढे आहेत. रूपकात्मक चित्र खरे ठरते ते असे. ते आपल्याला एक पूर्ण आकृती दाखवते आणि तिच्याशेजारी आपला अपुरेपणा आपल्यालाच दिसू लागतो.

कानबाईला नदीवर पोहोचवून बाया घरी परततात, तेव्हा दुसऱ्या दिवशीची कामे त्यांच्यासाठी थांबलेली असतात. रात्री नारळाच्या ठिकाणी ज्यांनी बाई पाहिली, त्यांनी सकाळी बाईच्या ठिकाणी बाई पाहावी, एवढीच अपेक्षा आहे. पुढच्या वेळी कोठेही, दिनदर्शिकेवर, भिंतीवर, न्यायालयात किंवा एखाद्या संग्रहालयात, देश किंवा न्याय किंवा विद्या स्त्रीरूपाने उभी दिसली, तर लगेच हात जोडून पुढे जाऊ नये आणि मान फिरवूनही जाऊ नये. क्षणभर थांबावे, तिच्या हातांत काय आहे ते मोजावे, काय गाळले आहे ते आठवावे, आणि मग बाहेर रस्त्यावर येऊन त्या वस्तू खरोखर कोणाच्या हातात आहेत ते पाहावे. चित्र पाहणे तेथे पुरे होते.